नीहारबालांचं फिनाईल

बंगालमधल्या चंदननगरच्या त्या गल्लीत नीहारबालांशी भांडण न झालेलं घर शोधूनही सापडलं नसतं. नळावर शेजारणीची बादली आपल्या बादलीला लागली की भरलेलं पाणी ओतून त्या पुन्हा भरायच्या. पोस्टमनने पाकीट पुढे केलं की ओरडायच्या, "उंबऱ्यावर ठेव मेल्या, हातात काय देतोस?" नवरा गेल्यावर हे सोवळ्याचं वेड फारच वाढलं. मोलकरणी टिकेनात. घराला सदा फिनाईलचा वास.

अशा घरात त्यांची सून झर्णा मांजर घेऊन आली. नाव टेपी. मागच्या व्हरांड्यात तिच्यासाठी वाळूचा ट्रे ठेवला. सुरुवातीला टेपी शहाण्यासारखी तिथेच जायची. मग एका सकाळी नीहारबाला पूजेला बसायला गेल्या, तर ठाकूरपुढचं, देवापुढचं आसन ओलं. दुसऱ्या दिवशीही तेच.

"बौमा!" त्या सुनेवर कडाडल्या. "तुझ्या लेकीने काय केलंय बघ."

"धुऊन देते, मा."

"तू धुतलेलं ठाकूरला चालेल होय?" त्यांनी मुलाला हाक मारली. "तिमिर, पोतं घे. रविवारी हिला होडीने गंगेपलीकडे सोडून ये."

नकोशी मांजरं गल्लीतली माणसं अशीच पलीकडे पोचवत. तिमिर बुटाची नाडी बांधत राहिला.

झर्णा म्हणाली, "तुम्हीच न्या की. लेकरं राखणाऱ्या षष्ठीमातेचं वाहन आहे ती. पाप मुलाच्या डोक्यावर कशाला ढकलता?"

नीहारबाला चपापल्या. तेवढं धैर्य त्यांच्यात नव्हतं.

"ती गेली तर मीही या घरात राहणार नाही. मलाही घाला पोत्यात," झर्णाने ऐकवलं.

"तुझ्या मापाचं पोतं नाही घरात!"

तिमिर ऑफिसला पळाला. झर्णा तणतणत व्हरांड्यात गेली, ट्रे उचलला आणि नाक दाबून तशीच परत आली.

"या वाळूत फिनाईल कोण ओततं?"

"मी. रोज आंघोळीआधी. मग काय तुझ्या मांजरीच्या घाणीला अत्तर शिंपडू?"

"मांजरीला हा वास सोसत नाही, मा! जिना, मोरी, व्हरांडा, सगळीकडे तुमचं फिनाईल. ठाकूरच्या कोपऱ्यात तेवढं नुसतं गंगाजळ शिंपडता. तिला जायला दुसरी जागा ठेवलीत कुठे?"

"म्हणजे मांजर मुतलं आणि दोष माझा?"

"तुमचाच. रविवारपर्यंत वाळूत फिनाईल ओतू नका. तरीही ती आसनावर गेली, तर मी स्वतः तिला पलीकडे सोडते. मग तर झालं?"

झर्णाने ट्रे साध्या पाण्याने खळखळून धुतला, नवी वाळू घातली, आसनही नवं आणलं. सासूशी मात्र बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीहारबाला बाटली घेऊन व्हरांड्यात आल्या. झर्णा अजून उठली नव्हती. टोपणभर ओतलं असतं तरी पुरलं असतं. कुणाला कळलंही नसतं. मांजर आसनावर गेलं असतं आणि रविवारी पलीकडे. पण मागोमाग झर्णा गेली असती. आणि तिमिर? तो बायकोच्या पाठोपाठ जाईल, याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती. रिकाम्या घरात एकटीने उंबरे धुवायचे. भांडायलासुद्धा कुणी नाही.

टोपण उघडलेलं होतं. कोपऱ्यातून टेपी त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"बघतेस काय, कैदाशिणी?" म्हणत त्यांनी अख्खी बाटली मोरीत उपडी केली आणि दाराआड उभ्या राहिल्या.

टेपी दबकत आली. वाळू हुंगली, उकरली, पुन्हा हुंगली. मग बसली.

"बौमा!" नीहारबाला घर दणाणून सोडत ओरडल्या. "लोळत काय पडलीस? तुझ्या लेकीचं उरकलंय. ऊठ, घाण काढ! आणि हात धुतल्याशिवाय माझ्या चुलीला शिवलीस तर याद राख!"