वर केलेला हात

त्याचं नाव मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ओळख झाली असती.

दहशतवादाच्या संशयिताचं वकीलपत्र घ्यायचं नाही, असं आम्ही पंधरा-वीस वकिलांनी हात वर करून ठरवलं होतं. दुसऱ्याच दिवशी कोल्हापूरच्या कोर्टाबाहेर हा चंदगडचा माणूस भेटला. काजू फोडून त्याची बोटं काळी पडली होती. डाग लागू नये म्हणून कोरं वकीलपत्र त्यानं दोन तळव्यांत धरलं होतं.

“संशयित तुमचा कोण?”

“कोण न्हाय. माझ्या शेजारी बसून काजू फोडायचा. त्यानं केलं आसंल तर द्या की फाशी. पर पोलीस चौकशी करत्यात तवा वकिलानं त्याला भेटावं, असं कायद्यात हाय न्हवं?”

“आहे. पण हात वर करून आमचा ठराव झालाय.”

“तुमीबी हात वर केलासा व्हय?”

“मी त्या बैठकीला नव्हतो,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. “म्हंजे एक तरी हात खाली हुता की, सायब!” वकीलपत्र काखेत धरून त्यानं माझा उजवा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

वकीलपत्र मी तरीही घेतलं नाही.