नूडल्सवरचं झाकण

एका किचनमध्ये तिघं स्वयंपाक करायला लागली की किस्से खरकट्या भांड्यांसारखे साठतात! दोन हजार पाचच्या सुमारास इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सच्या शेअर्ड घरात आम्ही होतो: मी, नागपूरचा प्रशांत आणि मलेशियाची लीना. प्रशांतची बायको मंजिरी व्हिसासाठी नागपुरातच अडकलेली. त्यामुळे या गड्याला कुठेच चैन नव्हती. जेवायचाही उभ्यानेच!

*

लीना तिच्या आईच्या पद्धतीच्या नूडल्स मोठ्या आचेवर परतत होती. मध्येच फोन आला म्हणून बाहेर गेली. प्रशांतने पोह्यांवर ठेवावं तसं कढईवर झाकण ठेवलं.

"एक वाफ आली की झकास होतात बे!"

लीना परत आली तेव्हा आत लापशी! तिने घरातली सगळी झाकणं उचलून वर स्वतःच्या खोलीतल्या कपाटात कोंडली. साध्या भातालाही आम्ही थाळी उपडी घालायचो.

*

लीनाच्या त्या मोठ्या आचेमुळे स्मोक अलार्म रोज बोंबलायचा. एकदा शेजारचे आजोबा दारात आले. आम्ही सवयीने 'सॉरी' म्हणणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "अलार्म अजून वाजला नाही. आज जेवण नाही का?"

*

प्रशांतच्या येरझाऱ्यांनी लीना वैतागली. त्याच्या हातात उलथनं देऊन म्हणाली, "स्वस्थ बसवत नाही ना? मग हलव! थांबलास की चिकटल्या."

"माझी आई उलटं सांगते. सारखं ढवळू नको म्हणते!"

पण त्याला ते काम जमलं.

*

एके संध्याकाळी कळलं, मंजिरीचा व्हिसा नाकारला. प्रशांत परततच राहिला. नूडल्सचा पार भुगा झाला. मी "अरे, बास!" म्हणणार होतो, पण लीनाने मला डोळ्यांनी दटावलं आणि तीन चमचे काढले.

"आज चमच्याने खाऊ."

मी ताटल्या मांडल्या.

*

पुन्हा अर्ज केला आणि मंजिरी आली एकदाची! हीथ्रोहून घरी आल्या आल्या प्रशांत तिच्यासाठी नूडल्स परतायला उभा राहिला. घामाघूम! तिने हात धुतले, गॅस बारीक केला आणि त्याच्या हातातलं उलथनं काढून घेतलं.

"झाकण कुठंय रे? एक वाफ तर येऊ दे!"

मी लीनाकडे पाहिलं. लीना प्रशांतकडे बघत होती. त्याने खुर्ची ओढली होती आणि तो चक्क बसला होता.

लीना वर गेली आणि झाकण घेऊन आली.