मेंदीखालचे हात

आमच्या सिंधूचे हात भाजत नाहीत, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत मोठा करायचा, तापलेल्या पालथ्या खापरावर टाकायचा आणि झाला की नुसत्या बोटांनी उचलायचा. बाकीच्या बायका फडकं शोधत बसायच्या, ही चुलीतला निखारा बोटाने मागे सारायची. कुणी म्हटलं, "अवं सिंधू, भाजशील ना!" की हिचं ठरलेलं उत्तर, "मले नाही भाजत. आगीले माहीत हाय, कोनाच्या नादी लागावं ते." बुऱ्हाणपुरात आमच्या नात्यात लग्न असो, आखाजीचा सण असो, मांड्यांसाठी बोलावणं हिलाच.

मी तिचा नवरा. चौथीपर्यंत शिकलो आणि जन्म कापडाच्या लूमवर काढला. लूमच्या खडखडाटाने कान गेले, म्हणून मोठ्याने बोलतो. लोकांना वाटतं मी भांडतोय. बहुतेक वेळा भांडतच असतो. सिंधू माझ्या उलट. तिला ताप येऊन गेला हे ताप उतरल्यावर कळायचं. बाळंतपणात ती ओरडली नाही, हे माझी आई मरेपर्यंत लोकांना सांगत होती. जणू सुनेने मेडल आणलं. मी म्हणायचो, "दुखतं तर सांगत का नाहीस?" ती म्हणायची, "सांगून काय, तुम्ही अर्धं घेता का?"

मग तिच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं. पुढे गोळ्या दिल्या. सुई नाही, सलाईन नाही, घरी बसून गोळी खायची. आम्हाला वाटलं, सुटलो. गोळी म्हणजे गोळीच ना, डोकेदुखीची असते तशी.

जळगावच्या दवाखान्यातली सिस्टर मात्र तसं समजत नव्हती. तरणी पोर, पण दम देऊन बोलायची. तिने आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाली, "मावशी, नीट ऐका. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर, आख्खी गोळी. तोडायची नाही, कुटायची नाही. एखादी राहिली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. काका, तुम्ही गोळ्या काढून देत असाल तर हात धुवा, ही साधी गोळी नाही." मग सिंधूचा हात हातात घेऊन म्हणाली, "आणि हे तळवे, पाय, तोंड. आग झाली, लाल झाले, कातडी सुटली, तोंड आलं, जुलाब लागले, ताप आला, तर लगेच फोन. आम्ही गोळी थांबवू, कमी करू. त्याने काही बिघडत नाही. लपवलं तर बिघडतं."

सिंधू मान हलवत होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "माझ्या हातांचं काय सांगते ती पोर? तिले काय माहीत." आणि हसली.

गोळ्यांची पहिली खेप बरी गेली. दुसऱ्या खेपेला ती चहाचा कप पदरात धरून प्यायला लागली. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाली, "कप गरम हाय." निखारा उचलणारी बाई! मी म्हटलं, "दाखव हात." तिने मुठी आवळल्या. "काय पोरींसारखे हात पाहता म्हातारपणी?" भाकरी करायचा कंटाळा आला म्हणाली. चपला टोचतात म्हणाली. मी ओरडलो, "सिस्टरला फोन लाव." तर मलाच हात जोडले. "तुमाले कळत नाही. फोन केला की गोळी बंद करतीन. गोळी बंद झाली का गाठ वाढते. मले नातवाचं लग्न पाहायचं हाय." तिला मरायचं नव्हतं, हे आधी समजून घ्या. जगायच्या हट्टापायीच तिने तोंड शिवून घेतलं.

आणि तिच्या मदतीला धावली कोण, तर आमच्या मोठ्या भावाची बायको, शांतावहिनी. आमच्याकडे तळव्यांची आग झाली की मेंदी लावतात, उन्हाळ्यात तर हमखास. वहिनीने मेंदी भिजवली आणि हिच्या तळहातांना, तळपायांना थापली. दुसऱ्या दिवशी अशी रंगली, अशी रंगली की गल्लीतल्या बायका पाहायला आल्या. वहिनी मला म्हणते, "भाऊजी, बघा तरी! एवढं प्रेम कुठं लपवलं होतं इतकी वर्षं?" सगळ्या हसल्या. सिंधूही लाजली. खालचं कातडं जळत होतं, म्हणून रंग तसा दिसत होता. आणि बाया माझं प्रेम मोजत होत्या.

तपासणीला गेलो तेव्हा सिस्टरने आधी हातच मागितले. "मावशी, आग होते का?" "नाही वं माय." "मुंग्या? दुखतं?" "काही नाही." सिस्टरने तळवा उजेडात धरला. मेंदीत काय दिसणार तिला? "घरात लग्न आहे का?" तिने विचारलं. सिंधू म्हणाली, "हो, पुतणीचं." मी म्हणालो, "कुठली पुतणी?" तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. मग सिस्टरला म्हणाली, "यायले ऐकू येत नाही." मी बोलतच होतो की हिच्या तळव्यांची आग होते, हिला विचारा, पण माझं मोठ्याने बोलणं तिथे भांडणच वाटलं. दारावरच्या माणसाने सांगितलं, "बाबा, शांत बसा, दुसरे पेशंट आहेत." गोळ्या तेवढ्याच मिळाल्या, जेवढ्या आधी होत्या.

त्या खेपेला टाचेची साल फरशीला चिकटली. मेंदीचा रंग कातडीसकट निघाला. मग जुलाब लागले. वहिनी म्हणाली, "औषधाने घाण बाहेर पडते आहे, पडू द्या." सिंधूला ते पटलं, कारण तिला पटवून घ्यायचं होतं. पोटात अन्न टिकत नव्हतं, तरी दोन घास तोंडात कोंबायची आणि वरून गोळी. का, तर जेवणानंतर घ्यायची सांगितली होती ना. सिस्टरचं एवढंच ऐकलं तिने. उठता उठता मोरीपाशी पडली, तेव्हा तिला न विचारता मी फोन लावला. सिस्टर ओरडली, "आजची गोळी देऊ नका! आत्ताच्या आत्ता घेऊन या!" मी मागे वळलो तर सिंधूने गोळी घेतलेली होती. ग्लास खाली ठेवत म्हणाली, "काय म्हणे ती?"

दवाखान्यात त्यांनी खूप केलं. मी कुणाला दोष देत नाही. अंगातलं पाणी गेलं होतं, रक्तातल्या पेशी उतरल्या होत्या, मग ताप भरला. सिस्टर तिच्या उशाशी बसून म्हणाली, "मावशी, एक फोन केला असता तर गोळी थोडे दिवस थांबवली असती, कमी करून परत दिली असती. कितीतरी लोकांना देतो आम्ही." सिंधूने माझ्याकडे पाहिलं. तोंड आतून फुटलेलं, बोलता येत नव्हतं. तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं, थांबवणं म्हणजे संपवणं नव्हतं. कळून काय उपयोग? दोन दिवसांनी गेली.

तेराव्याला शांतावहिनी घरातल्या सुनांना गोळा करून सांगत होती, "शिका पोरींनो. शेवटपर्यंत हूं नाही की चूं नाही. अशी बाई होणे नाही." मी उठलो. म्हटलं, "काही शिकू नका तिच्याकडून. दुखलं तर बोंबला. सासूसमोर बोंबला, डॉक्टरसमोर बोंबला. न बोंबलल्याने मेली ती." वहिनी हळूच म्हणाली, "दुःखात आहेत, बोलू द्या."

आमच्या पोराने चौकात श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्सचा फलक लावला होता. सिंधूचा फोटो चांगला होता. खाली मोठ्या अक्षरांत ओळ होती. मला वाचायला वेळ लागतो. अक्षर अक्षर लावत गेलो: सहनशीलतेची मूर्ती.

पोराला म्हटलं, "हे काढ."

"बाबा, छापून झालं. चांगलंच तर लिहिलं आहे."

मी स्टूल आणलं आणि सूत कापायच्या ब्लेडने ती ओळ कापून काढली. नाव ठेवलं, फोटो ठेवला. पोरगा खालून स्टूल धरून उभा होता, रडत होता. "बाबा, उतरा. लोक विचारतील, इथे भोक कशाचं?"

म्हटलं, "विचारू दे. जो विचारेल त्याला बसवून सांगतो."