सीटखालचा रंग

मंडळी, आज सकाळी काळेवाडीत गाडीच्या टेपला नवा अॅम्प्लिफायर बसवला. इंजिन चालू केलं की गाण्यामागं कुंईऽऽ आवाज. रेस दिली की आणखी वाढायचा.

वायरमननं सगळ्या वायरी तपासल्या. म्हणाला, “राव, अर्थिंग लागत नाहीये, म्हणून आवाज येतोय. सीटखाली अर्थिंगच्या स्क्रूपाशी रंग लई जाड आहे. पत्रा दिसेपर्यंत खरवडतो.”

तो रंग माझ्या धाकट्या भावानं दिलेला. कंपनीत पेंट शॉपला होता. रविवारचा ओव्हरटाइम सोडून माझी जुनी गाडी रंगवली. जिथं कुणी बघणार नाही, तिथंही दोन हात मारले. गेल्या महिन्यात तो गेला.

मी वायरमनला म्हणालो, “राहू द्या, भाऊ.”

दिघीपर्यंत तो आवाज ऐकतच घरी आलो. तुम्ही खरवडू दिला असता?