पेपराची तारीख

सत्तरच्या दशकात मी बदनापूरजवळच्या एका गावात शिक्षक होतो. गावच्या जत्रेला सुट्टी द्यायची म्हणून वार्षिक परीक्षेचा एक पेपर पुढं ढकलला होता. तो नेमका बौद्धवाड्यातल्या जयंतीच्या दिवशी आला.

शाळेत भरलेल्या गावकऱ्यांच्या बैठकीला बौद्धवाड्यातली एक मजूर बाई दाराशी येऊन उभी राहिली. "आत या" म्हटलं तरी आली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती हेडमास्तरांना म्हणाली, "सुट्टी नका देऊ, गुरुजी. पेपर तेवढा सरकवा. पोरगी पेपराला बसली तर जयंती गेली, अन् जयंतीला आली तर साल गेलं."

बाकावरची माणसं कुरकुरली. तरी हेडमास्तरांनी पेपर दुसऱ्या दिवसावर नेला.

तिचा चेहरा काही उजळला नाही. "मंग माझ्या पोरीवर कुणी राग तर धरणार न्हाई ना?"

"बिलकुल नाही," हेडमास्तर म्हणाले.

ती मात्र बाकावरच्या माणसांकडं बघत होती. माणसं एकेक करून उठली आणि तिच्याकडं न बघता बाहेर पडली.

पेपराच्या दिवशी मुलगी आली. मजुरी बुडवून आईही आली, आणि शेवटची घंटा होईपर्यंत वर्गाच्या खिडकीकडं बघत फाटकाशी बसून राहिली.