पाणी न शिरणारी पेटी

ऐंशीच्या दशकात आम्ही तारापूरजवळ एका कोळी घरात भाड्याने राहत होतो. नवरा बोईसरच्या कारखान्यात पाळ्या करी. अंगणातल्या पालथ्या पिंपात सातेरी मधमाश्यांनी घर केलं आणि बोंबील वाळत घालताना त्यातली एक घरमालकीण मावशींना डसली.

"बाय, रविवारपर्यंत हलव त्यांना. नायतर धूर घालून जाळते सगल्या."

माझ्या माहेरी, घाटावर, परसात मधपेट्या असत. मी लांबूनच पाहिल्या होत्या, हात कधी घातला नव्हता. पण आयत्या घरी आलेल्या माश्या जाळू देणं मला जमणार नव्हतं. विहिरीमागची जागा ठरवली, सामानाची यादी केली, पेटीचं माप कागदावर काढलं आणि तो कागद मावशींच्या नवऱ्याकडे दिला. काका होड्या बांधत. त्यांच्याइतका साफ हात गावात नव्हता.

शनिवारी पेटी आली. सांध्यांत सुताचा पीळ ठोकून भरलेला, आतबाहेर माशाचं तेल चोपडलेलं.

"समुद्रात सोड बाय, थेंब शिरनार नाय."

"काका, माश्यांना आत जायची फट कुठाय?"

काकांनी पेटी फिरवून पाहिली. "होडीला भोक ठेवतात काय?"

कुरकुरत त्यांनी पुढे फट पाडली. संध्याकाळी गोणपाटाचा धूर देत मी पिंपातली पोळी सोडवली आणि केळीच्या सोपटाने, खोडाच्या वाळक्या सालीने, पेटीतल्या चौकटींना बांधली. माश्याही मागोमाग आल्या.

रविवारी सकाळी पाहते तर सगळ्या माश्या पेटीबाहेर, दाढीसारख्या लटकलेल्या. आत एक नाही. खाली तीन मांजरं, वर तोंड करून. माशाच्या तेलाचा वास त्यांना सोसला नव्हता. तेल माझ्या यादीत नव्हतं, पण ते नको हेही मी कुठे लिहिलं नव्हतं. आता या माश्या कोणत्याही क्षणी उडून गेल्या असत्या.

मावशी धुरासाठी नारळाची सोडणं घेऊन हजर. आधी मांजरांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "मांजरांसाठी बांधलंव काय घर?"

काका हसले नाहीत. रंधा घेऊन आले. मी सोपटाने माश्या अलगद टोपलीत उतरवल्या, चौकटीही तिथेच ठेवून वर फडकं टाकलं. काकांनी पेटी आतून आणि फटीभोवती कोरं लाकूड दिसेपर्यंत तासली. त्यावर मी पिंपातलं जुनं मेण चोळलं, चौकटी परत लावल्या आणि टोपली फटीसमोर ठेवून फडकं काढलं.

एक माशी आत गेली. बाहेर आली. मावशी काडेपेटी हातात धरून बसलेल्या. मग दोन गेल्या, त्या आतच राहिल्या. पुढे तर सगळ्यांची रांगच लागली.

"शिरल्या गो!" मावशीच ओरडल्या.

त्याच सोडणांवर त्यांनी रात्री बोंबील भाजले. जेवताना काकांनी हळूच विचारलं, "बाय, झाकनाला तरी तेल लावू ना? पावसाचं?"

"लावा," मावशी म्हणाल्या, "आनि मांजरं राखायला तुमीच बसा."