अकरा दिवसांचं मीठ

चेन्नईच्या ट्रेनिंगचं पत्र हातात पडलं तेव्हा मी खरोखरच उडी मारली. बँकेत, काउंटरच्या मागे, समोर पासबुक घेऊन चार माणसं उभी असताना. क्लार्कची ऑफिसर व्हायचं तर हे अकरा दिवसांचं ट्रेनिंग करावंच लागतं. मधूनच सोडून आलात तर नाव कटलं. याआधी दोनदा हे पत्र आलं होतं आणि दोन्ही वेळा मी ते मुकाट्यानं परत केलं होतं. कारण एकच, आमचं स्वयंपाकघर.

कुंभकोणमला खाण्याची ददात नाही. घरातून बाहेर पडलं की चार पावलांवर इडली आणि सहाव्या पावलावर कॉफी. पण आमच्याकडे दुपारी साडेबाराला देवापुढे घरी शिजलेला भात आणि दोन पदार्थ ठेवावे लागतात. तंजावर दरबाराच्या चाकरीत आलेल्या पूर्वजांपासून हे चालत आलंय, आमच्या जुनाट मराठीसारखं. आणि नैवेद्य दाखवून होईपर्यंत कुणी काही चाखायचं नाही. मीठ बघायलासुद्धा नाही. माझ्या सासूबाई म्हणे नुसत्या वासावरून मीठ ओळखायच्या. मला ते बापजन्मात जमलं नाही. मी तळहातावर मोजते, आणि जेवण होईपर्यंत जीव मुठीत धरून बसते.

सासूबाई गेल्यापासून हे सगळं माझ्यावर. नवरा तिरुभुवनमला रेशमी साड्यांचे नक्षे काढतो, आठला जातो, सातला येतो. त्याला फोडणी उत्तम देता येते, पण ती कशावर घालायची ते ऐन वेळी आठवत नाही. उरले पूजा करणारे माझे सासरे, अकरा वर्षांची थोरली आणि सात वर्षांचा धाकटा.

मी धीर करून सासऱ्यांना विचारलं, "मामंजी, अकरा दिवस चेन्नईला जाऊं कां?"

पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले, "जा कीं. नकों कोण म्हणतं? नैवेद्य मात्र चुकूं नये."

"एक दिवस जरी चुकला तरी पुढच्या गाडीनं परत येतें," मी म्हणून गेले. तसं म्हणायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पण माझं तोंड असं आहे, आधी बोलतं आणि मग मला कळवतं.

मग तो आठवडा! मे महिना, मुलांना सुट्टी, गच्चीवर पाय भाजतील असं ऊन. बँकेतून आले की पदर खोचायचा आणि दोघांना हाक मारायची. रोजचा भात थोरली विजेच्या कुकरमध्ये लावणार होती. त्यापुढचं सगळं मला आधीच करून ठेवायचं होतं. मेतकूट झालं. उडीद भाजून डांगराचं पीठ झालं. ते दह्यात कालवलं की पचडी तयार, विस्तवाची गरज नाही, म्हणून ती धाकट्याकडे दिली. पहिल्या दिवशी त्यानं दही कोपरापर्यंत कालवलं. पहाटे उकड काढून गच्चीवर जुन्या धोतरावर वडाम, म्हणजे तांदळाच्या कुरडया, घातले. सोऱ्या दाबायला दोघंही लटकले, एकाच्या ताकदीनं तो हलेना. वडामांचे गोल कमी आणि प्रश्नचिन्हं जास्त झाली. मधल्या वेळेसाठी तट्टै, म्हणजे तांदळाच्या कडक पुऱ्या, थापल्या. सगळ्यात अवघड काम बोट न चाटण्याचं होतं. धाकटा पिठानं भरलेला हात शरीरापासून लांब धरून मोरीकडे पळायचा, जणू हात त्याचा नव्हेच. मला इतकी मजा येत होती की बँकेत पैसे मोजतानाही हसू फुटायचं. बारा वर्षं मी हा स्वयंपाक एकटीनं धुसफुसत केला. या दोघांना आधीच का नाही हाताशी घेतलं, असं वाटून स्वतःचाच राग यायचा.

मुख्य आधार होता पुळिकाच्चल. चिंचेचा कोळ तिळाच्या तेलात आटवून दाट करायचा, बरणीत भरायचा, गरम भातात कालवला की चिंचेचा भात. अकरातले निदान सहा दिवस त्याच्यावर काढायचे होते. रविवारी सकाळी माझी गाडी. शनिवारी सकाळी मोठ्या कढईत चिंच रटरटत होती आणि मी घामानं निथळत गाणं म्हणत होते. थोरलीला सांगितलं, "मीठ तूं घाल. माझा एक तळहात म्हणजे तुझे दोन." धाकट्याचा चेहरा पडला, म्हणून त्यालाही म्हटलं, "मिठाचं सगळं तुझ्याकडे, अक्काला मदत कर." एवढ्यात गच्चीवर कावळे वडामांवर उतरल्याचा गलका झाला. मी काठी घेऊन धावले.

दुपारी रंगीत तालीम होती. मी फक्त बघायचं, हात लावायचा नाही असं ठरलेलं. थोरलीनं भात लावला, त्यात पुळिकाच्चल कालवला. धाकट्यानं पचडी केली. साडेबाराच्या ठोक्याला पान देवापुढे गेलं. मामंजींनी पाणी फिरवलं, घंटा वाजवली. जमलं, जमलं म्हणत मी पानं वाढली.

मामंजींनी पहिला घास घेतला. चावला. मग पेलाभर पाणी प्याले. मग म्हणाले, "थोडा पांढरा भात वाढ."

"कां, मामंजी?"

"देवानं गुमान खाल्लं, मीही खाईन. पण अकरा दिवस नकों."

मी घास तोंडात घातला आणि डोळ्यांत पाणी आलं. समुद्र बरा. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. थोरलीनं सांगितल्याबरहुकूम आपले दोन तळहात मीठ घातलं होतं. ती मेतकुटाची बरणी पुसायला गेली तशी धाकट्यानं "मिठाचं माझ्याकडे" म्हणून तेवढंच पुन्हा घातलं, त्याचे चार तळहात, नीट मोजून. आणि गच्चीवरून आल्यावर मी, सवयीनं, कुणाला न विचारता, माझा एक. तिघांनी इमानेइतबारे मीठ घातलं आणि तिघांपैकी कुणी चाखलं नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात कुणीतरी बोट बुडवून पाहिलं असतं.

धाकटा रडायला लागला. मला त्याला जवळ घ्यायला हवं होतं, पण मी भडकले होते, आणि राग माझाच मला आला होता. "झालं," मी म्हणाले. "मीं जात नाही. पत्र परत करतें. तिसऱ्यांदा." मला जायचं होतं. किती जायचं होतं ते त्या खारट घासानंतर मला नीट कळलं.

मग थोरली पानावर बोटानं काहीतरी मांडत म्हणाली, "आई, मीठ तिप्पट झालं न? मग आणखी दुप्पट चिंच आण. तीत मीठच घालूं नकों. अस्कं, जुनं नि नवं, एकत्र कालव."

मी तिच्याकडे बघत राहिले. बँकेत मी, आणि हिशेब हिला सुचला. मामंजी हात धुऊन उठले, छत्री घेतली, आणि भर उन्हात चिंच आणायला स्वतः गेले. त्यांना दुकानात गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आले ते चिंच घेऊन सरळ स्वयंपाकघराच्या दारात बैठक मारून बसले आणि चिंचोके काढायला लागले. धाकटा डोळे पुसून त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला.

चारपर्यंत कढई पुन्हा आटली. जुनं नवं एकत्र झालं. आता प्रश्न तोच. मीठ बरोबर झालं का, हे उद्या दुपारपर्यंत कळणार नव्हतं, आणि माझी गाडी सकाळची.

मामंजी म्हणाले, "एका वाटींत चमचाभर काढ." ती वाटी त्यांनी देवापुढे ठेवली, पाणी फिरवलं, घंटा वाजवली आणि वाटी माझ्यापुढे धरली. "हा आता प्रसाद. प्रसाद चाखूं नये असं कोण म्हणतं?"

चव अगदी बेतशीर होती. मी आधी हसले, मग उसळले. "मामंजी, बारा वर्षं मीं जीव मुठींत धरून मीठ घालतें. हें आधीं कां नाही सांगितलंत?"

"तूं आधीं विचारलंस कोठे?" ते म्हणाले.

दोन पत्रं मी परत केली होती, तेव्हाही कुणाला विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येक बरणीला नैवेद्याचा मान मिळाला. मेतकूट, डांगर, तट्टै, सगळं एकेक चमचा देवापुढे जाऊन आलं. मुलं वाट्या घेऊन देवघर ते स्वयंपाकघर अशी धावत होती आणि घंटा थांबत नव्हती. शेजारीण डोकावून विचारून गेली, आज कुठला सण.

चेन्नईत मी वर्गात शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसले. बॅग उघडलीच नव्हती म्हटलं तरी चालेल. पहिल्या दिवशी पावणेएकला मामंजींच्या फोनवरून फोटो आला, पानावर भात, पचडी, प्रश्नचिन्हासारखे वडाम. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी आला नाही. एक वाजला, सव्वा वाजला. शिकवणारे व्याजदरांवर बोलत होते आणि मी मनात परतीच्या गाड्या मोजत होते. शेवटी बाहेर येऊन फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर थोरलीनं उचलला.

"नैवेद्य?" माझा आवाज चिरकला.

"झाला कीं. साडेबारालाच."

"मग फोटो?"

"भूक लागली होती, आई. जेवतों आम्ही. मग बोलूं?"

मागून मामंजींचा आवाज आला, भरल्या तोंडाचा. "तिला सांग, मीठ बरोबर आहे. तूं शीक म्हणावं."

फोन बंद झाला. माझ्याशिवाय ते जेवत होते, चवीनं, आणि माझ्यासाठी दोन मिनिटंही थांबायला तयार नव्हते. थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला, उडी मारावी इतका. कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं, म्हणून मारलीही. मग आत गेले, दाराजवळच्या बाकावरून वही उचलली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले.